अकराव्या मजल्यावरची धुरी

गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत आगीचा भोंगा वाजला की लोक आधी लिफ्टपाशी गर्दी करतात, मग गाडीच्या किल्ल्या शोधतात आणि शेवटी मला शिव्या देतात. आग नसली तर शिव्या आधी. मी बेसमेंटमधल्या कंट्रोल रूममध्ये बसतो. नाव विश्वनाथ, शिक्षण आयटीआय, काम इलेक्ट्रिशियनचं. भिंतीवरच्या पॅनेलवर लाल दिवा लागला की कुठल्या मजल्यावर लागला ते बघून धावत सुटायचं, हेही कामच. याला बारा वर्षं झाली. आग एकदाही लागली नाही, शिव्या रोज आहेत.

तीन वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारी साडेचारला दिवा लागला. सी टॉवर, अकरावा मजला, फ्लॅट अकराशे तीन. मी जिन्यानं निघालो. सातव्या मजल्यावर माणसं खाली येताना भेटली. तोंडावर रुमाल, डोळ्यांत पाणी, खोकून खोकून बेजार. कुणी म्हणालं गॅस लीक, कुणी म्हणालं केमिकल. आणि माझ्या नाकात तो ठसका शिरला.

संकेश्वरी मिरची होती ती. भाजलेली नव्हे, जाळलेली. भाजलेल्या मिरचीनं शिंका येतात, जाळलेल्या मिरचीनं आतडी तोंडाशी येतात. आमच्या माण तालुक्यात ज्यानं लहानपण काढलंय त्याला हा वास साता समुद्रापलीकडेही ओळखू येईल.

अकराशे तीनचं दार उघडंच होतं. भीमाबाई पदरानं धूर बाल्कनीकडे हाकत होत्या. तवा सिंकमध्ये पडलेला, काळाठिक्कर. बाथरूममध्ये नळाखाली डोकं धरून त्यांची नऊ वर्षांची नात अहिल्या ओरडत होती. तिचा चेहरा लालबुंद, नाकातून धार.

"काय झालं आजी?"

"धुरी दिली," भीमाबाई म्हणाल्या.

"कुणाला?"

"हिला. खोटं बोलली."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोर फारच वाह्यात वागलं की तव्यावर सुक्या मिरच्या जाळायच्या आणि त्या धुरावर त्याचं तोंड धरायचं. माझ्या आज्याच्या काळात पोराला आढ्याला उलटं टांगून खाली मिरच्या जाळायचे. याला आपण संस्कार म्हणत होतो. अजूनही म्हणतो. लग्नात, बारशात चार पुरुष जमले की एक तरी म्हणतोच, "आमच्या बापानं चामडी लोळवली म्हणून आम्ही घडलो." काय घडलात हो? बायकोशी नीट बोलता येत नाही, साहेबापुढं शेपूट हलवता, आणि सिग्नलवर गाडीला गाडी घासली तर खाली उतरून रिक्षावाल्याच्या कानफटात मारता. हे घडणं? मी हे दुसऱ्यांना नाही म्हणत. मी माझ्या पोराला पट्ट्यानं मारलंय. एकदा नाही, बऱ्याचदा.

तर भीमाबाई. जत तालुक्यातल्या. नवरा लवकर गेला, शिलाई मशीनवर एकुलत्या गुणवंतला शिकवला. तो इथं मोठ्या कंपनीत लागला. सून मीनाक्षी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात, रोज मेट्रोनं जाऊन येऊन असते. अहिल्या सहा महिन्यांची असल्यापासून तिला भीमाबाईंनीच वाढवली. संध्याकाळी बागेत नातीला फिरवताना मी दिसलो की त्यांना बरं वाटायचं, कारण त्या चाळीस मजली जंगलात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. सोसायटीतल्या बायका त्यांना 'माताजी' म्हणायच्या आणि मीनाक्षीला विचारायच्या, "फुल टाइम रखी है क्या?" असला तो मोहल्ला.

त्या दिवशी झालं होतं असं. चारच्या सुमाराला अकराशे तीनच्या बाल्कनीतून एक कुंडी खाली पडली. मातीची, तुळशीची, पाच-सहा किलोची. खाली हिरवळीवर माळी रामप्रीत उकिडवा बसून तण काढत होता. कुंडी त्याच्यापासून हातभर अंतरावर फुटली. एक खापर त्याच्या पोटरीत घुसलं. त्यानं वर बघितलं, खापर उपटून काढलं, गमछा बांधला आणि परत तण काढायला लागला. इतकंच. ना आरडाओरड, ना तक्रार. हातभर अलीकडे पडली असती तर त्याच्या जागी दुसरा माळी आला असता आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेली चार चित्रं पडली असती.

भीमाबाईंनी आवाज ऐकला. वाकून बघितलं. नातीला विचारलं, "कुणी टाकली?"

"हवा से गिर गयी, आजी."

त्या दिवशी वारा एवढाही नव्हता. भीमाबाई लिफ्टनं खाली गेल्या, रामप्रीतची पोटरी बघितली, हळद दाबून दुसरी चिंधी बांधली. वर आल्या. पुन्हा विचारलं. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा अहिल्या म्हणाली, "रामप्रीत अंकलने ही हिलाया होगा नीचे से." अकराव्या मजल्यावरची कुंडी खालच्या माणसानं हलवली! तिथं भीमाबाईंचा तोल गेला आणि तव्याखाली गॅस पेटला. त्या घरात धूर ओळखणारं यंत्र छताला आहे हे त्यांना नऊ वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. जतच्या घरात धूर वर कौलातून निघून जायचा.

मी खाली आलो आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: 'धार्मिक विधी, दृष्ट काढताना मिरचीचा धूर. आग नाही.' मला वाटलं, म्हातारीला दंड नको, बोलणी नकोत. दृष्ट काढतानाही मिरच्या जाळतातच. नजर उतारना म्हटलं की पंजाब्यापासून बंगाल्यापर्यंत सगळे माना डोलावतात. इतकं सोपं खोटं आयुष्यात कधी सुचलं नव्हतं.

पण समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी पोरीचं किंचाळणं ऐकलं होतं. त्यांनी १०९८ फिरवला, मुलांसाठीची सरकारी हेल्पलाइन. दुसऱ्या दिवशी दोन बाया आणि साध्या कपड्यातली एक महिला पोलीस दारात. पोरीशी बोलल्या, डोळे तपासून घ्यायला सांगितले आणि कागद देऊन गेल्या: सोमवारी सकाळी अकरा वाजता मुलीसह बाल कल्याण समितीपुढं हजर व्हा.

मी तेव्हा सरकारवर असा काही पेटलो होतो. म्हटलं, यांना अकराव्या मजल्यावरचा धूर दिसतो! सोसायटीच्या भिंतीपलीकडं नवा टॉवर उठतोय, तिथं मजुरांची पोरं सळयांच्या ढिगावर उघडीनागडी झोपतात, ती दिसत नाहीत? तिथं कुठलीही मॅडम कागद घेऊन येत नाही. आणि इथं एका आजीनं नातीला खोटं बोलू नको म्हणून शिक्षा केली तर सरकार चपला काढून घरात? हा माझा राग खोटा नव्हता. अजूनही नाही. पण तो अर्धाच होता, हे सोमवारी कळलं.

रविवारी दुपारी गुणवंतनं मला वर बोलावलं. जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसलेले. अहिल्याचे डोळे आता निवळले होते. गुणवंतच्या ओळखीचा एक वकील फोनवर होता, स्पीकर चालू.

"देखिए, सच बोल दिया तो मामला बनता है," वकील सांगत होता. "कानून में तीन साल तक की सज़ा है. और जाँच चलने तक बच्ची को बालगृह में रखने का ऑर्डर भी हो सकता है. नज़र उतार रहे थे, बस. दस मिनट में फाइल बंद."

फोन ठेवल्यावर गुणवंत माझ्याकडं वळला. "विश्वनाथ, तू रजिस्टरमध्ये जे लिहिलंयस ना, बिल्कुल तेच ठेवायचं. एक शब्द इकडचा तिकडं नको. यार, तू खरंच वाचवलंस आम्हाला."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? साहेब लोक शाबास म्हणाले की बरं वाटतंच.

मग मीनाक्षीनं पोरीची तालीम घेतली. "अहिल्या, मॅडम विचारतील, दादी क्या कर रही थी?"

"दृष्ट काढत होती."

"हिंदीत, बेटा."

"नज़र उतार रही थी."

"आणि तू का रडत होतीस?"

"धुआँ आँख में चला गया था." पोरगी थांबली, विचार केला आणि स्वतःच्या मनानं पुढचं जोडलं. "मेरे बर्थडे पे सबने बहुत तारीफ की थी ना, इसलिए दादी को लगा नज़र लगी है."

सगळे हसले. गुणवंतनं टाळी दिली तिला. मीही हसलो. "अरे, ही तर वकील होणार!"

भीमाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून नातीकडं बघत होत्या.

"किती पटकन जमलं बघा हिला," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

सोमवारी आम्ही सगळे त्या कचेरीत, रजिस्टरची प्रत घेऊन मीही. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं चिकटवलेली, पंखा कुरकुरत होता, टेबलामागं तीन माणसं. मधोमध समितीच्या अध्यक्ष हेमलताजी. साठीच्या घरातल्या, निवृत्त हेडमास्तरीण, रेवाडीकडच्या, त्यामुळं हिंदीला हरियाणवी वळण, चष्मा दोरीनं गळ्यात. एका बाजूला तरुण वकील, दुसऱ्या बाजूला एक बाई, त्या लिहून घेत होत्या. आधी अहिल्याला एकटीला आत नेलं. वीस मिनिटं. मग तिला शेजारच्या खोलीत बसवून आम्हाला बोलावलं.

"बच्ची कहती है दादी नज़र उतार रही थी," हेमलताजी म्हणाल्या. "बर्थडे पे तारीफ हुई थी."

"जी मॅडम. बिल्कुल," गुणवंत म्हणाला. "हमारे महाराष्ट्र में ये पुरानी परंपरा है."

"म्हारे यहाँ भी है." त्यांनी रजिस्टरची प्रत उचलली. "यो लिखाई किसकी?"

"मेरी, मॅडम," मी म्हणालो.

"यही हुआ था?"

"जी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. तीस-बत्तीस वर्षं वर्गातली पोरं बघितलेली नजर होती ती. मी पंख्याकडं बघायला लागलो. मग त्यांनी झाकण काढून पेन हातात घेतलं. मीनाक्षीनं सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

"माताजी, आपको कुछ कहना है?"

हा प्रश्न नुसता विचारायचा म्हणून विचारतात. भीमाबाई उभ्या राहिल्या.

"हिंदी कच्चा है मेरा. ये विश्वनाथ बोलेंगा मेरा." आणि माझ्याकडं वळून मराठीत म्हणाल्या, "सांग त्यांना. दृष्ट काढत नव्हते. धुरी दिली. शिक्षा म्हणून."

गुणवंत ताडकन उभा राहिला. "मॅडम, आई को बीपी है, कभी-कभी कन्फ्यूज़ हो जाती है..."

"गुणा, खाली बस," भीमाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण एवढा मोठा कंपनीतला साहेब खाली बसला.

"क्या कह रही हैं?" हेमलताजींनी मला विचारलं.

मी काय करावं? मी खोटं लिहून दिलेलं, आत्ताच 'जी' म्हणालेलो, आणि आता माझ्याच तोंडानं ते फिरवायचं. मी म्हणालो, "मॅडम, दादी बोल रही हैं कि थोड़ा डाँटने के लिए मिर्च का धुआँ किया. बच्ची की आँखें थोड़ी जल गयीं."

"नीट सांग," भीमाबाई म्हणाल्या. हिंदी बोलायला कच्ची होती बाई, समजायला नव्हती. "डोळे जळले असं नको म्हणू. आपोआप जळत न्हाईत डोळे. मी मान धरून ठेवली तव्यावर, म्हणून सांग. वीस आकडे मोजले. ती सोड सोड म्हणत होती तरी सोडली न्हाई."

मी सांगितलं. शब्दाला शब्द. माझाच आवाज मला परका वाटत होता. मीनाक्षीनं तोंडावर हात घेतला.

वकील सदस्य पुढं झुकला. "मैडम, ये तो सीधा पर्चा है, एफआईआर."

हेमलताजींनी हात वर करून त्याला थांबवलं. पेनला झाकण लावलं. "माताजी, मैं तो फाइल बंद करण लाग री थी. आपने क्यूँ खुलवा दी?"

आता भीमाबाई माझ्यासाठी थांबल्या नाहीत. अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत बोलायला लागल्या, आणि मला भाषांतर करायची गरजही पडली नाही. "पोरीने कुंडी फेंका. खाली माणूस था. मरता. मैं पूछी, तो खोटं बोली. झूठ. तीन बार. इसलिए धुरी दी. आज वही पोरगी मेरे को वाचवायला झूठ बोली. काल घरातली शिकलेली माणसं टाळ्या वाजवत होती तिला. मग गुरुवारी मी तिला काय शिकवलं? खोटं बोलू नको हे शिकवलं का, खोटं चांगलं बोल हे शिकवलं?"

मी शपथेवर सांगतो, मी आयुष्यात बरीच शूर माणसं बघितलीत. टॉवरच्या बाहेर दोरीवर लोंबकळत काचा पुसणारी बघितलीत. पण तीन वर्षांची शिक्षा टेबलावर ठेवलेली असताना, बंद होत आलेली फाइल आपल्या हातानं उघडणारं माणूस मी तोवर बघितलेलं नव्हतं.

हेमलताजींनी पाण्याचा ग्लास भीमाबाईंपुढं सरकवला. "बैठ जाओ. बचपन में आपको भी किसी ने दी थी यो धुरी?"

"मेरे बाप ने. दोन वेळा."

"फेर? झूठ बोलना छूट गया?"

भीमाबाई पाणी प्यायल्या. मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाल्या, "खोटं सुटलं न्हाई म्हणावं. सापडणं सुटलं."

मी ते हिंदीत सांगितलं तेव्हा लिहिणाऱ्या बाईंचा हात थांबला. हेमलताजी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मैं बत्तीस साल मास्टरनी रही. संटी रखा करती, शहतूत की. जिन बच्चों को मारा, वो आज भी मिलें तो पैर छूवें. और एक की भी शक्ल पे मैंने ना देखा कि उसनै मेरे तै सच बोला हो."

असं बोलणारा सरकारी माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. सरकार म्हणजे शिक्का, सरकार म्हणजे 'कल आना', एवढंच मला ठाऊक. ही बाई स्वतःची छडी टेबलावर काढून ठेवत होती.

अहिल्याला बोलावलं. ती आली आणि आधी बापाच्या तोंडाकडं बघितलं. तिथं काही सापडेना, म्हणून आईच्या. मग हेमलताजींना विचारलं, "अब मैं क्या बोलूँ?"

हा प्रश्न ऐकून गुणवंतनं मान खाली घातली.

भीमाबाई उठल्या आणि नातीपुढं गेल्या. हात लावला नाही. दोन हात अंतर ठेवून गुडघ्यांवर बसल्या, म्हातारे गुडघे कटकन वाजले.

"अहिल्या, मी तुझी मान धरली ते चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तू केलंस ते वाईटच. पण मी केलं तेही वाईट. तू लहान हायस म्हणून मला करता आलं. मी मॅडमना खरं सांगितलंय. आता तुला मला वाचवायला नको."

मोठ्या माणसानं लहान पोराची माफी मागताना मी कधी बघितलं नव्हतं. आमच्यात तसं नसतंच. मोठ्यांचं चुकत नाही, फार तर हात उचलला जातो. मारल्यावर रात्री झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालायचं आणि त्यालाच माफी समजायचं, हे आमचं शौर्य. झोपलेल्या पोराला! जागेपणी सांगायला छाती लागते.

अहिल्यानं हाताच्या पाठीनं नाक पुसलं. मग म्हणाली, "अडीच सेकंद लागले."

"क्या?" हेमलताजींनी विचारलं. मी सांगितलं.

"कुंडीला. नीचे जाने में. स्कूल में ग्रॅव्हिटी था. मैंने मम्मा के पुराने फोन पे टाइम लगाया."

"और नीचे अंकल थे?"

"नहीं दिखे थे." थांबली. आजीकडं बघितलं. "दिखे थे. मुझे लगा साइड में गिरेगी."

आणि मग ती रडली. मिरचीनं रडली होती त्यापेक्षा वेगळं रडली. आवाज नव्हता त्याला. भीमाबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांना हे माहीत नव्हतं. वीस आकडे मोजूनही जे बाहेर आलं नव्हतं ते आता त्या खोलीत पडलं होतं, आणि कुणी कुणाला हातही लावलेला नव्हता.

तिघं सदस्य आत जाऊन बोलले. काचेतून वकिलाचे हात हलताना दिसत होते. त्याला पोलीस हवेच होते, आणि त्याचंही काही चुकत नव्हतं, कायदा त्याच्या बाजूनं होता. अर्ध्या तासानं आले. हेमलताजींनी हुकूम वाचला. पोरगी आईबापांकडेच राहील. पोलिसांत पाठवणार नाही. पण भीमाबाई पंचेचाळीस दिवस त्या घरात राहणार नाहीत, आजपासूनच. दर शनिवारी अकरा वाजता इथं, समुपदेशक ताईंसमोर, आजी-नात भेटतील. आईबापांनाही चार वेळा यायचं आहे.

"चार वेळा? मॅडम, ऑफिस है," गुणवंत म्हणाला.

"नौ साल ते थारी बच्ची माताजी ने पाली सै. चार दिन तम भी पाल ल्यो," हेमलताजी म्हणाल्या. "और माली को डॉक्टर के पास आप ले जाओगे. बच्ची साथ जावेगी. टिटनेस का इंजेक्शन लगै तो वो भी देखेगी." मग माझ्याकडं. "और भाईसाहब, रजिस्टर ठीक करके कॉपी भेजना. अपने मैनेजर के साइन के साथ."

म्हणजे मॅनेजरला मला स्वतः सांगायचं होतं की मी खोटं लिहिलं. सांगितलं नंतर. एक मेमो मिळाला. नोकरी गेली नाही. ते असो.

भीमाबाईंनी हुकमावर सही केली. शाईचं पेन त्यांना जड जात होतं, तरी पूर्ण नाव लिहिलं; आधी चुकून बापाचं आडनाव पडलं, ते खोडून नवऱ्याचं लिहिलं.

बाहेर उन्हात गाडी उभी होती. मीनाक्षी आणि अहिल्या मागं बसल्या. गुणवंतनं पुढचं दार उघडलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "चल आई, बस. बेसमेंटमधून जाऊ, लिफ्ट सरळ वर. कोण बघतंय? एवढं त्यांना कुठं पडलंय चेक करायला."

"गुणा, पोरगी ऐकतीय," भीमाबाई म्हणाल्या.

गुणवंतनं मागं वळून बघितलं. मागची काच खाली होती. अहिल्या दोघांकडं बघत होती, आळीपाळीनं, आत्ता कोण काय करतं ते बघायला.

"मग राहणार कुठं तू?" तो चिडला होता, पण रडवेलाही झाला होता. "पंचेचाळीस दिवस? जतला पाठवू?"

"जतहून शनिवारी कशी यीन?" त्या माझ्याकडं वळल्या. "विश्वनाथ, तुझ्याकडं जागा हाय का रे?"

चक्करपूर गावात माझी एक खोली आहे. बायको गिरिजा, अकरा वर्षांचा पोरगा आणि मी. वरती पत्र्याचा आडोसा आहे, तिथं उन्हाळ्यात आम्ही झोपतो. जागा नव्हती.

"आहे की आजी," मी म्हणालो.

गुणवंतनं पुढचं दार हळूच लावून घेतलं. "संध्याकाळी कपडे आणि गोळ्या आणून देतो," तो म्हणाला.

"तू स्वतः आण. ड्रायव्हरला नको धाडू. गल्ली लहान हाय, गाडी शिरायची न्हाई."

माझी मोटरसायकल भिंतीपाशी होती. भीमाबाई लुगड्याचा ओचा सावरून मागं एका बाजूला बसल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

"आजी," अहिल्यानं काचेतून डोकं बाहेर काढलं. "शनिवारी किती वाजता?"

"अकराला. कागदावर लिहिलंय, वाचून बघ."

गाडी गेली. मी किक मारली. सिग्नलला थांबलो तेव्हा भीमाबाई म्हणाल्या, "तुझ्या पोराचं नाव काय रे?"

"अविनाश."

"त्याला सांगून ठेव मी का आलीय ते. खरं काय ते सांग. उगीच पाहुणी म्हणू नको."

मी हो म्हणालो. मग मला कळलं की पोराला हे सांगायचं तर आधी मला माझंही, त्या पट्ट्याचं, सांगावं लागेल, आणि सिग्नल हिरवा होऊनही मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"चल की," भीमाबाई म्हणाल्या. "भ्यालास व्हय?"